लॅक्टेट किती आलं?

रात्री तीन वाजता फोन वाजला आणि स्क्रीनवर 'ताई' दिसलं, की परदेशात राहणाऱ्या कुठल्याही माणसाच्या पोटात गोळा येतो. गेल्या वर्षी अनंत चतुर्दशी होऊन तीन-चार दिवस झाले होते. न्यू जर्सीत रात्रीचे तीन म्हणजे नाशिकला दुपारचे साडेबारा. ताई म्हणाली, "घाबरू नकोस. बाबांना अ‍ॅडमिट केलंय. लघवीचं इन्फेक्शन झालं होतं ना, ते रक्तात गेलंय म्हणतात. सेप्सिस."

'घाबरू नकोस' हे शब्द ऐकून आजवर कोणी घाबरलं नाही असं झालेलं नाही. मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"लॅक्टेट सहा पॉइंट दोन आलंय. पुढचे काही तास महत्त्वाचे आहेत म्हणाले."

"मी येऊ का?"

ताई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "ते मी कसं सांगू?"

मी कॉम्प्युटर इंजिनियर. हातात आकडा आला की त्याचं काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही. बायको चहा टाकायला उठली आणि मी लॅपटॉप उघडला. अर्ध्या तासात १९७० सालचा एक शोधनिबंध सापडला. शॉकमधल्या रुग्णांचं लॅक्टेट २.१ वरून ८ पर्यंत चढलं, की जगण्याची शक्यता ९० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर घसरते, असं त्यात होतं. मी एक्सेलमध्ये दोन बिंदू टाकले, मध्ये सरळ रेषा मारली आणि ६.२ समोर काय येतं ते पाहिलं. चौतीस टक्के. माझ्या वडिलांचे चौतीस टक्के! चहा तसाच गार झाला.

सहा तासांनी ताईचा मेसेज आला : ४.१. दुसऱ्या दिवशी २.३. माझा आलेख छान खाली येत होता. शनिवारी क्लायंटकडे गो-लाइव्ह होतं, टीम माझ्यावर अवलंबून होती. आकडा उतरतोय म्हणजे धोका टळला, असा हिशेब करून मी तिकीट आठ दिवसांनी काढलं. त्या आठ दिवसांबद्दल शेवटी सांगतो.

परत आल्यावर त्या हिवाळ्यात मी या आकड्याच्या मागे लागलो. रक्त बघून माणूस जगेल की नाही हे सांगायचा खटाटोप पहिल्यांदा कोणी केला? तो कितपत साधला? मी डॉक्टर नाही, तेव्हा आपल्या मंडळातल्या डॉक्टर मंडळींनी काही चुकलंमाकलं तर पोटात घालावं.

ताकातलं आम्ल

गोष्ट सुरू होते आंबलेल्या दुधापासून. १७८० साली कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडिश औषधविक्रेत्यानं त्यातून एक आम्ल वेगळं काढलं. तेच लॅक्टिक आम्ल. आपल्या दह्याताकाला आंबटपणा देणारं. रक्ताशी त्याचा काही संबंध असेल असं तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

त्यानंतर साठेक वर्षांनी जर्मनीतल्या वुर्झबर्ग शहरात सूतिकाज्वरानं, म्हणजे बाळंतिणीच्या तापानं, तरुण बायका मरत होत्या. आपल्याकडेही आजीच्या पिढीपर्यंत घरोघरी एखादी अशी गोष्ट असायचीच. बाळ सुखरूप, पण बाळंतीण पाचव्या-सहाव्या दिवशी तापानं गेली. आज त्या आजाराला आपण प्रसूतीनंतरचं सेप्सिस म्हणू. योहान योझेफ शेरर हा तिशीच्या आतला डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञ तिथे काम करत होता. त्यानं या मृत बायकांचं रक्त तपासलं आणि १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात नोंदवलं, की त्यात लॅक्टिक आम्ल सापडतं. माणसाच्या रक्तात ते दाखवून देणारा हा पहिला माणूस. जंतूंमुळे रोग होतात हे पाश्चर आणि कॉख यांनी सिद्ध करायला अजून अवकाश होता, आणि हा मनुष्य मात्र सेप्सिसची रक्तातली खूण हातात धरून बसला होता!

पण ते रक्त मृत्यूनंतरचं होतं. ज्या बाईचं ते होतं तिला त्याचा काही उपयोग नव्हता.

चारच वर्षांनी व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस याच तापाच्या मागे लागला. त्याच्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात ११.४ टक्के बायका दगावल्या, दुसऱ्यात २.८ टक्के. शवविच्छेदन करताना हाताला सुरीची जखम होऊन त्याचा मित्र प्राध्यापक कोलेत्श्का वारला, आणि त्याची लक्षणं हुबेहूब त्या बाळंतिणींसारखी होती. सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. शवविच्छेदन करून डॉक्टर तेच हात घेऊन बाळंतिणींकडे जात होते. त्यानं मे १८४७ मध्ये क्लोरीनच्या पाण्यानं हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये १८.३ टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये २.२ टक्क्यांवर आलं.

मला तर हा एक्सेलवाल्यांचा आद्यपुरुष वाटतो. त्याच्याकडे रक्ताची कुठलीही तपासणी नव्हती, फक्त इस्पितळाच्या नोंदवह्या होत्या. पण त्या वह्या वाचून त्यानं काहीतरी बदललं. शेररला रक्तातली खूण सापडली होती, तिचं पुढे काय करायचं हे मात्र त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. या दोघांमधला हा फरक पुढे सगळ्या गोष्टीत पुन्हा पुन्हा समोर येतो.

'सी'चं कोडं

कोविडच्या काळात सीआरपी हा शब्द आपल्या घराघरात पोचला. व्हॉट्सअ‍ॅपवर काकांचे, मावश्यांचे सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन यायचे आणि आपण इथे बसून काळजी करायचो. पण यातला 'सी' म्हणजे काय हे मला तरी ठाऊक नव्हतं.

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाचा अभ्यास करत होते. न्यूमोनियाच्या जंतूपासून त्यांनी वेगळ्या केलेल्या एका अंशाला 'सी' असं नाव होतं. आजारी माणसाच्या रक्तातल्या पाण्यात, म्हणजे सीरममध्ये, हा 'सी' टाकला की साका तयार व्हायचा. माणूस बरा होऊ लागला की तो साका होणं थांबायचं. 'सी'शी अभिक्रिया करणारं प्रथिन, म्हणून सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. इतकं साधं! पुढे पोलिओच्या लशीची १९५४ची प्रचंड चाचणी तपासून ती लस उपयोगी आहे हे जगाला सांगणारे ते हेच थॉमस फ्रान्सिस.

पेनिसिलिन वापरात यायला तेव्हा दहाएक वर्षं होती. न्यूमोनियाच्या रुग्णाजवळ बसून ताप उतरण्याची वाट बघणं एवढंच बरेचदा डॉक्टरांच्या हाती असायचं. अशा वेळी 'आता उतार पडतोय' असं रक्तातून कळणं ही मोठीच गोष्ट होती. पण सीआरपी हा फार गुणी साक्षीदार नाही. हे प्रथिन यकृत बनवतं आणि शरीरात कुठेही दाह झाला की वाढवतं. हाड मोडलं तरी, ऑपरेशन झालं तरी, संधिवात उसळला तरी. शिवाय ते पुरतं वर चढायला दोनेक दिवस घेतं. घरात कुठेतरी आग लागली आहे एवढं सांगणारी ही घंटा. कुठल्या खोलीत लागली, हे तिला ठाऊक नसतं.

शॉक वॉर्डातला कॉम्प्युटर

आता माझ्या त्या १९७०च्या निबंधाकडे येतो. त्याच्या लेखकांपैकी एक मॅक्स हॅरी वाइल. जन्म स्वित्झर्लंडचा, लहानपणीच अमेरिकेत आलेला. म्हणजे आपल्यासारखाच बाहेरून आलेला माणूस! लॉस एंजेलिसच्या सरकारी इस्पितळात त्यानं हर्बर्ट शुबिन या सहकाऱ्याबरोबर शॉकच्या रुग्णांसाठी चार खाटांचा वेगळा वॉर्ड उघडला. आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो त्याचा हा पूर्वज. अत्यवस्थ माणसाच्या उशाशी प्रयोगशाळा असायला हवी, रिपोर्ट उद्या नको, आत्ता हवा, हा वाइलचा हट्ट.

आणि माझ्यासारख्याला खूश करणारी गोष्ट म्हणजे या वॉर्डात कॉम्प्युटर होता. १९६६ साली वाइल आणि शुबिन यांनी अत्यवस्थ रुग्णांच्या रक्ताभिसरणावर डिजिटल कॉम्प्युटरनं कशी देखरेख ठेवता येते यावर निबंधच लिहिला. ते दिवस पंचकार्डांचे होते. तेव्हा कॉम्प्युटर बँकेतसुद्धा अप्रूपाचा होता, आणि हे लोक तो रुग्णाच्या खाटेशी जोडत होते.

पेशींना पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की त्या साखर अर्धवट वापरतात आणि लॅक्टेट साचतं. मग रक्तातलं लॅक्टेट मोजलं तर पेशींची उपासमार किती झाली ते कळेल, हा वाइलचा तर्क. अब्देलमोनेम अफिफी या संख्याशास्त्रज्ञाच्या साथीनं त्यानं आकडेमोड केली आणि तो २.१ ते ८ चा वक्र काढला.

माझी चौतीस टक्क्यांची आकडेमोड कुठे फसली हे मला आता कळतं. एक तर वाइलचे रुग्ण सगळे सेप्सिसचे नव्हते. शॉक हृदयविकारानं येतो, रक्तस्रावानंही येतो. दुसरं, तो काळ १९७०चा. तिसरं, वक्र रेषेच्या जागी मी सरळ रेषा मारली. कॉलेजच्या सरांनी कान पिळला असता. आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. शंभर माणसांमधून चौतीस वाचतील हे विधान शंभर माणसांबद्दल असतं. माझे वडील एकच आहेत. ते चौतीस टक्के जगणार नव्हते.

शिवाय लॅक्टेट नेहमी उपासमारीमुळेच वाढतं असंही नाही, हे पुढे लक्षात आलं. सेप्सिसमध्ये शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, त्यानंही ते वाढतं. यकृत थकलं की त्याचा निचरा मंदावतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्याची किडनी नीट चालत नसेल तरी ते चढू शकतं. बाबा वीस वर्षं मेटफॉर्मिन घेतायत. इतकंच काय, काढलेलं रक्त तपासणीआधी बराच वेळ तसंच राहिलं, तर बाटलीतल्या तांबड्या पेशीच लॅक्टेट बनवत राहतात आणि आकडा फुगतो! आमच्या धंद्यात म्हणतात तसं, डेटा कुठून आला ते आधी विचारा.

सहा तासांत काय झालं?

२००१ साल हे सेप्सिसच्या इतिहासात मोठं मानलं जातं. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड इस्पितळात इमॅन्युएल रिव्हर्स या डॉक्टरनं २६३ रुग्णांवर केलेला अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध झाला. ज्यांचं लॅक्टेट ४ किंवा त्याहून जास्त आहे, किंवा सलाईन देऊनही रक्तदाब खालीच आहे, अशांना इमर्जन्सीतच गाठायचं आणि पहिल्या सहा तासांत ठरलेली उद्दिष्टं डोळ्यांसमोर ठेवून उपचार करायचे. नेहमीच्या उपचारांत ४६.५ टक्के रुग्ण दगावले, या पद्धतीत ३०.५ टक्के. ज्याचा रक्तदाब बरा दिसतोय पण आतून जो ढासळतोय, असा रुग्ण लॅक्टेटमुळे हेरता येऊ लागला.

त्याच गटातल्या ब्रायंट न्यूयेन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली आणखी एक पाऊल टाकलं. पहिला आकडा किती, यापेक्षा सहा तासांत तो किती उतरला हे त्यांनी १११ रुग्णांमध्ये पाहिलं. लॅक्टेट जितकं भराभर उतरलं तितकी जगण्याची शक्यता जास्त. म्हणजे एक फोटो बघून काही सांगता येत नाही, चित्रपट बघावा लागतो. ताईनं मला सहा तासांनी ४.१ कळवलं, ते डॉक्टरांनी पुन्हा रक्त काढलं म्हणून. त्या दुसऱ्या तपासणीमागे हा इतिहास आहे.

२०१४ आणि २०१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये रिव्हर्सची पद्धत मोठ्या प्रमाणावर तपासली गेली, तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा ती वरचढ ठरली नाही. तिचं एक कारण असं सांगतात, की मधल्या काळात 'नेहमीचे उपचार'च सुधारले होते. रुग्ण लवकर ओळखणं, अँटिबायोटिक लगेच सुरू करणं, लॅक्टेट मोजणं, हे सगळीकडे होऊ लागलं होतं. पद्धत मागे पडली, तिनं लावलेली सवय टिकली.

ही सवय आपोआप लागली नाही. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये एका बारा वर्षांच्या मुलाला इमर्जन्सीतून घरी पाठवण्यात आलं. त्याच्या रक्ताचे चिंताजनक रिपोर्ट तो घरी गेल्यावर आले. पुढे तो वाचला नाही. रक्त बोललं होतं, पण ऐकायला तिथे कोणी नव्हतं. त्याच्या आईवडिलांनी लढा दिला आणि २०१३ साली न्यूयॉर्क राज्यानं सगळ्या इस्पितळांना सेप्सिससाठी ठरलेली कार्यपद्धती सक्तीची केली. त्यातून जमा झालेल्या सुमारे ४९,००० रुग्णांच्या नोंदी २०१७ मध्ये अभ्यासल्या गेल्या. ठरलेल्या गोष्टी पूर्ण व्हायला जितके तास उशीर, तासागणिक मृत्यूचा धोका आधीच्या मानानं सुमारे ४ टक्के वाढत गेला.

१७८ उमेदवार

दरम्यान सेप्सिस 'नेमकं' ओळखणारी खूण शोधायची जगभर शर्यत लागली होती. १९९३ साली पॅरिसजवळच्या एका कर्करोग संस्थेतल्या संशोधकांनी ७९ आजारी मुलांचं रक्त तपासलं. प्रोकॅल्सिटोनिन हे खरं तर थायरॉइड ग्रंथीतल्या एका हार्मोनचं कच्चं रूप, निरोगी रक्तात नावापुरतं असणारं. पण गंभीर जिवाणूसंसर्ग झालेल्या मुलांमध्ये ते प्रचंड वाढलेलं निघालं.

प्रोकॅल्सिटोनिनचा खरा उपयोग कळायला मात्र वेळ लागला. त्याचाही पहिला आकडा फारसं भविष्य सांगत नाही. २०१७ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात चौथ्या दिवसापर्यंत ज्यांचं प्रोकॅल्सिटोनिन ८० टक्क्यांहून जास्त उतरलं त्यांच्यात २८ दिवसांत १० टक्के मृत्यू झाले, ज्यांचं उतरलं नाही त्यांच्यात २० टक्के. आणि अँटिबायोटिक कधी थांबवायचं हे ठरवायला त्याची मदत होते. ब्रिटनमध्ये २,७६० रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोकॅल्सिटोनिन रोज बघून अँटिबायोटिकचे दिवस १०.७ वरून ९.८ वर आले, आणि मृत्यूही वाढले नाहीत. एका दिवसाचाच फरक, पण अँटिबायोटिकना दाद न देणारे जंतू माजत असताना तो दिवसही मोलाचा.

२०१० साली पिएराकोस आणि व्हिन्सेंट या डॉक्टरांनी सेप्सिसच्या रक्तखुणांवरचे ३,३७० अभ्यास चाळले. एकूण खुणा किती निघाल्या असतील? १७८! आणि त्यातली एकही रोजच्या वापरात एकटीनं भरवसा ठेवावा अशी नाही, असा त्यांचा निष्कर्ष. दहा वर्षांनी पुन्हा मोजदाद झाली, तेव्हा यादी २५८ वर गेली होती. स्थळं भरपूर आली, लग्न काही जमेना, अशातली गत.

एक खूण जमत नाही तर चार-पाच मिळून बघू, हा पुढचा विचार. सिनसिनाटीत डॉ. हेक्टर वाँग यांनी मुलांच्या सेप्सिससाठी पाच प्रथिनांवर आधारलेलं 'पर्सिव्हिअर' हे प्रारूप २०१२ मध्ये मांडलं. त्यांच्या कामातली मला पटलेली गोष्ट अशी, की हे गणित एकेकट्या मुलाचं भविष्य वर्तवण्यापेक्षा जास्त आणि कमी धोक्याचे गट वेगळे करण्यासाठी होतं, म्हणजे नवं औषध कोणावर तपासून बघायचं ते ठरवता यावं.

आणि मग आमची बिरादरी रिंगणात उतरली. रक्त, नाडी, रक्तदाब, ताप सगळं कॉम्प्युटरला द्या, तो आधीच अलर्ट देईल! अमेरिकेत शेकडो इस्पितळांत वापरात असलेलं असं एक सॉफ्टवेअर मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं आणि २०२१ साली निकाल छापला. सेप्सिस झालेल्या रुग्णांपैकी ६७ टक्के त्याच्या नजरेतून सुटले होते, आणि तरीही दाखल झालेल्यांपैकी १८ टक्के लोकांवर त्यानं अलर्ट वाजवला होता. ज्यानं रात्रीबेरात्री सर्व्हरचे खोटे अलर्ट झेललेत त्याला नर्सबाईंची अवस्था सांगायला नको. दहा वेळा खोटा वाजलेला अलर्ट अकराव्या वेळी कोण बघतं?

बोट दाबून बघा

या सगळ्यात मला सर्वात जास्त आवडलेला अभ्यास २०१९ सालचा, दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांमधला. सेप्टिक शॉकच्या ४२४ रुग्णांपैकी निम्म्यांवर लॅक्टेट बघून उपचार ठरवले. उरलेल्या निम्म्यांत डॉक्टरांनी फक्त बोट दाबलं. काचपट्टीनं बोटाचं टोक दहा सेकंद दाबायचं, सोडायचं, आणि पांढरी पडलेली कातडी पुन्हा लाल व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. तीनपेक्षा जास्त लागले तर रक्त पोचत नाहीये. बोटवाल्या गटात ३४.९ टक्के मृत्यू झाले, लॅक्टेटवाल्या गटात ४३.४ टक्के. संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीला हा फरक किंचित कमी पडला, पण मुद्दा असा की फुकटची तपासणी महागड्या तपासणीपेक्षा कुठेही उणी ठरली नाही. २०२५ मध्ये त्याच मालिकेतली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. बोट दाबून उपचार ठरवल्यानं मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही, पण औषधांचा आणि यंत्रांचा आधार लागण्याचा काळ कमी झाला.

हे वाचताना गडचिरोली आठवल्याशिवाय राहील का? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नव्वदच्या दशकात तिथल्या ३९ गावांत नवजात बाळांचं सेप्सिस हाताळलं. ना लॅक्टेट, ना सीआरपी, ना आयसीयू. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बाईला आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं रडणं क्षीण झालंय का? अंगावर पिणं कमी झालंय का? हातपाय लुळे पडलेत का? अशा खुणा शोधायच्या, आणि त्या एकत्र दिसल्या की आईवडिलांच्या संमतीनं घरीच अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू करायचं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आले. त्या गावांत नवजात मृत्यूचं प्रमाण, शेजारच्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी घटलं होतं. उपचार सुरू होण्याआधी सेप्सिस झालेल्या बाळांपैकी १६.६ टक्के दगावत होती, नंतर २.८ टक्के.

म्हणजे रक्ताची तपासणी नको असं मी म्हणत नाही. माझ्या बाबांना तिनं वेळेवर आयसीयूत पोचवलं. पण शेररच्या प्रयोगशाळेपासून मिशिगनच्या सर्व्हरपर्यंत एकच गोष्ट दिसते. आकड्यानं माणसं तेव्हा वाचली, जेव्हा आकडा बघून कोणीतरी हललं, आणि थोड्या वेळानं परत येऊन पुन्हा बघितलं. नुसतं भविष्य सांगण्यासाठी वापरलेला आकडा बहुतेक वेळा फसवाच निघाला.

अठ्ठावीस दिवसांनंतर

आता ते आठ दिवस.

लॅक्टेट २.३ आलं त्या दिवशी बाबा भ्रमात होते. सलाईनची नळी ओढत होते, आईला ओळखत नव्हते, आणि ताईला दर तासाला विचारत होते, "तो आला का?" ताई सांगायची, "निघालाय, बाबा." तीन दिवस ती हेच सांगत राहिली. मला मात्र तिनं कळवला तो फक्त आकडा, कारण मी फक्त आकडाच विचारत होतो.

मी पोचलो तेव्हा बाबा घरी आले होते. मला बघून हसले. "कधी आलास?" म्हणाले. चहा झाला. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाले, "कधी आलास?"

बाबांनी जिल्हा परिषदेच्या अकाउंट्स खात्यात उभी हयात काढली. दूध, पेपर, इस्त्री, सगळ्याचा हिशेब ते रोज रात्री वहीत लिहितात. ती वही मी उघडून बघितली. आजाराआधीच्या पानांवर एका पैशाची चूक नाही. नंतरच्या पानावर तीन ओळींची बेरीज तीनदा खोडलेली.

सेप्सिसच्या बहुतेक अभ्यासांत 'निकाल' म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी माणूस जिवंत आहे की नाही. त्या रकान्यात बाबांपुढे 'जिवंत' असं लागलं असतं आणि माझ्या एक्सेलमध्ये हिरवा रंग आला असता. पण २०१० साली अमेरिकेतल्या वृद्धांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गंभीर सेप्सिसमधून वाचलेल्यांपैकी मध्यम ते तीव्र विस्मरण आणि बौद्धिक ऱ्हास आधी ६.१ टक्क्यांमध्ये होता, नंतर १६.७ टक्क्यांमध्ये. ही गोष्ट त्या रात्रीचं लॅक्टेट मला सांगणार नव्हतं. मी त्याला हे विचारलंही नव्हतं.

बाबा आता पुष्कळ सुधारलेत. मधल्या काळात आईनं एक युक्ती केली. हिशेब ती सांगते, बाबा लिहितात, आणि बेरीज रविवारी फोनवर मी आणि बाबा मिळून करतो. कधी त्यांची चुकते, कधी माझी. माझी चुकली की त्यांना जास्त आनंद होतो.

वाचकहो, आपल्या सर्वांचेच आईवडील आता त्या वयात आहेत. म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो. पहिली तिकडच्यांसाठी : साध्या इन्फेक्शननंतर माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, धाप लागली, लघवी कमी झाली, हातपाय गार किंवा निळसर पडले, तर सकाळची वाट बघू नका, इस्पितळ गाठा, आणि तिथे 'हे सेप्सिस असेल का?' असं सरळ विचारा.

दुसरी आपल्यासाठी. निघायच्या आदल्या रात्री मी ताईला म्हणालो, "तू बोलली असतीस तर मी लगेच आलो असतो." भांडी आवरता आवरता ती म्हणाली, "तू 'येऊ का' असं विचारलंस. त्याला कोण हो म्हणणार? अशा वेळी 'येतोय' म्हणायचं असतं."

या दिवाळीचं तिकीट मी कोणालाही न विचारता काढलंय.

आपणा सर्वांना ही दिवाळी आणि नवं वर्ष आरोग्याचं जावो!